'गोइंग टू' : जाण्याच्या एका शब्दजोडीची वाटचाल



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांनी या शाळेत हयातभर इंग्रजी शिकविले. शिक्षकाचे स्मरण करावयाचे, तर त्याच्या विषयातील एखादा लहानसा धडा पुन्हा उघडून पाहावा, यापरते दुसरे उचित स्मरण मला सुचले नाही. म्हणून मोठा, भारदस्त विषय न निवडता मी इंग्रजीतील दोन साध्या शब्दांची जोडी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ती जोडी म्हणजे 'गोइंग टू'. हिच्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे काहींच्या मनात आले असेल. पण रोजच्या वापरातल्या शब्दांकडे आपण सहसा पाहत नाही, आणि भाषेची खरी हालचाल तर तेथेच होत असते.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ही जोडी दोनदा भेटते. पहिल्यांदा ती सरळ अर्थाने भेटते : 'आय ॲम गोइंग टू सिकंदराबाद', मी सिकंदराबादला जातो आहे. पुढे एक-दोन इयत्तांनंतर व्याकरणाच्या तासाला ती दुसऱ्या रूपात येते : 'आय ॲम गोइंग टू रीड', मी वाचणार आहे. येथे कोणी कोठे जात नाही. शिक्षक सांगतात, हा नजीकचा भविष्यकाळ. विद्यार्थी वहीत तसे लिहून घेतो, परीक्षेत बरोबर लिहितो आणि त्याला गुणही मिळतात. जाण्याच्या क्रियापदाने भविष्यकाळ का दाखवावा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

तिसरी भेट शाळेबाहेर होते, आणि तिच्यासाठी आपण त्याला तयार केलेले नसते. आपल्या या हैदराबाद शहरात आज कित्येक माजी विद्यार्थी अशा कचेऱ्यांत काम करतात, की जेथे दूरध्वनीवर परदेशातील माणसांशी रोज बोलावे लागते. त्यांच्यापैकी अनेकांनी मला सांगितले आहे की, पहिले काही महिने समोरच्याचे बोलणे कानावरून नुसते वाहून जाते. कागदावर आलेले प्रत्येक वाक्य समजते, कानावर पडलेले समजत नाही. 'आय ॲम गोइंग टू सेंड इट' हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा वाचलेले असते. पण पलीकडून ऐकू येते ते 'आय्म गना सेंडिट'. त्यात 'गोइंग' नाही, 'टू' नाही. मग हा हुशार मुलगा किंवा मुलगी मनाशी निष्कर्ष काढते, की आपले इंग्रजी कच्चे, आपली शाळा कच्ची, आपले माध्यमच चुकले. हा निष्कर्ष खोटा आहे. तो का खोटा आहे, हे सांगणे हा माझ्या आजच्या बोलण्याचा एक हेतू आहे. दुसरा हेतू आपल्या स्वतःच्या बोलीविषयीचा आहे. त्याकडे मी ओघाने येईन.

प्रथम उच्चार पाहू. 'गोइंग टू'चे 'गॉना' आणि त्याहून घाईत 'गना' कसे होते? हे अंदाधुंदीने होत नाही, पायरीपायरीने होते.

पहिली गोष्ट 'गोइंग'च्या शेवटच्या ध्वनीची. 'रंग', 'संग' हे आपले शब्द उच्चारताना नाकातून ङ् येतो आणि त्याच्या मागोमाग ग येतो. मराठीत शब्दाच्या शेवटी नुसता ङ् येत नाही. त्याला ग-चा टेकू लागतो. संस्कृतात 'प्राङ्', 'प्रत्यङ्' असे ङ्-कारान्त शब्द आहेत, पण ते आपल्या रोजच्या जिभेवर नाहीत. इंग्रजीच्या प्रमाण उच्चारात 'गोइंग' हा शब्द या नुसत्या ङ् वर थांबतो. ग उच्चारलाच जात नाही. आपण सवयीने तो घालतो. खुद्द इंग्लंडमध्येही बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूल या भागांतील लोकांच्या बोलण्यात तो ग ऐकू येतो, हे येथे नोंदवून ठेवतो. म्हणजे आपला उच्चार काही जगावेगळा नाही.

दुसरी पायरी ङ् चा न् होण्याची : 'गोइन'. ही आजकालची ढिलाई आहे असे कोणास वाटेल, पण तिचा इतिहास जुना आहे. प्राचीन इंग्रजीत धातुसाधित विशेषणाचा प्रत्यय 'एन्डे' असा न-कारयुक्त होता, आणि 'इंग' हा मुळात क्रियावाचक नामाचा प्रत्यय होता. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले आणि लिहिण्यात 'इंग' राहिला. बोलण्यात न-काराचा उच्चार चालतच राहिला. इंग्लंडातील जुन्या सरदार-जमीनदारांची बोलण्याची लकबही हीच होती. शिकारीला ते 'हंटिंग' न म्हणता 'हंटिन' म्हणत. म्हणजे जो उच्चार पुढे अडाणीपणाचे लक्षण मानला गेला, तोच एकेकाळी खानदानाचेही लक्षण होता. शुद्ध-अशुद्धाचे निवाडे किती वेळा उच्चारणाऱ्याच्या अंगरख्याकडे पाहून दिले जातात, हे यावरून दिसते.

येथे आपल्या व्याकरणपरंपरेची आठवण होते. 'सम्' पुढे 'गम' आला की 'सङ्गम' होतो, 'तोष' आला की 'सन्तोष' होतो. अनुनासिक पुढच्या वर्णाच्या स्थानाकडे झुकते; याला आपण परसवर्ण म्हणतो. 'गोइंग' पुढे 'टू' आल्यावर ङ् ने जागा सोडून न् कडे सरकावे, ही त्याच जातीची घटना म्हणता येईल. इंग्रजाने पाणिनी वाचलेला नसतो. परंतु माणसाचे तोंड सर्वत्र सारखेच आहे.

तिसरी पायरी 'टू'ची. इंग्रजीत बोलण्याचा भार वाक्यातील महत्त्वाच्या शब्दांवर पडतो आणि लहान शब्द दबले जातात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा मान देतो, म्हणून 'आय-ॲम-गोइंग-टू-रीड' असे सगळे शब्द एका ओळीत, सारख्या उंचीने उभे करतो. इंग्रजाच्या तोंडी 'रीड' तेवढा उंच राहतो. 'टू'मधील ऊ विरून तेथे एक अस्फुट अ-सारखा स्वर उरतो. त्यानंतर न् च्या शेजारचा ट गळतो. अमेरिकन माणूस 'ट्वेंटी'चे 'ट्वेनी' करतो आणि 'वाँट टू'चे 'वॉना' करतो, ते याच न्यायाने. शेवटी 'गोइन'ची दोन अक्षरे एकात मिटतात, आणि 'गॉना' तयार होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन कथा-कादंबऱ्यांतील संवादांत हे रूप लिहिलेलेही आढळू लागले. पण ते केवळ अमेरिकेचे नाही. ब्रिटनमध्येही सुशिक्षित माणसे घाईच्या बोलण्यात तेच म्हणतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीत तर ही झीज आणखी पुढे गेली असून 'आय ॲम गोइंग टू' या चार शब्दांचे 'आय्मा' एवढेच उरले आहे.

इथपर्यंत कोणी म्हणेल, की हा आळसाचाच इतिहास झाला. आता मी आपले लक्ष ज्या एका गोष्टीकडे वेधू इच्छितो, तिने हा आक्षेप ढासळतो. ती गोष्ट अशी, की 'गोइंग टू'चे 'गॉना' सर्वत्र होत नाही. 'आय ॲम गोइंग टू रीड' याचे 'आय्म गॉना रीड' होते; पण 'आय ॲम गोइंग टू सिकंदराबाद' याचे 'आय्म गॉना सिकंदराबाद' कधीही होत नाही. कितीही घाई असो, बोलणारा कितीही आळशी असो, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो असे म्हणणार नाही. आळसच कारण असता तर दोन्हीकडे सारखीच झीज झाली असती. ध्वनी तेच, क्रम तोच. मग एकीकडे झीज होते आणि दुसरीकडे होत नाही, हे कसे?

उत्तर अर्थात आहे. सिकंदराबादला जाताना 'गोइंग' अजून खरोखरचे जाणे आहे आणि 'टू' अजून खरोखरची दिशा दाखविते. त्या शब्दांना स्वतःचे काम आहे, म्हणून त्यांचा उच्चारही शाबूत आहे. 'रीड'च्या आधी मात्र जाणेही उरलेले नाही आणि दिशाही उरलेली नाही. दोघे मिळून 'पुढे घडणार' एवढी एकच खूण झालेली आहेत. खूण एक झाली म्हणून उच्चारही एक झाला. याहून बारीक उदाहरण देतो. भाजी आणण्यासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला कोणी विचारले, 'कोठे निघालात?' आणि तो उत्तरला, 'आय ॲम गोइंग टू बाय व्हेजिटेबल्स', म्हणजे भाजी घेण्याकरिता जातो आहे. तर तेथे जाणे खरे आहे, आणि त्या अर्थी 'गॉना' चालत नाही. तेच शब्द 'आज मी भाजी घेणार आहे' एवढ्याच अर्थाने आले, की 'गॉना' लगेच चालते. शब्द तेच असूनही उच्चार अर्थाची साक्ष देतो. ज्याला आपण गबाळेपणा समजत होतो, त्यात इतका काटेकोर विवेक आहे.

आता हा अर्थ बदलला कसा, ते पाहू. इंग्रजीला स्वतःचा असा भविष्यकाळाचा प्रत्यय नाही. प्राचीन इंग्रजीत वर्तमानकाळाचेच रूप भविष्यासाठीही वापरीत. पुढे गरज भासली तेव्हा तिने दुसऱ्या शब्दांना कामाला लावले. 'विल' हा मुळात इच्छेचा शब्द; 'शॅल' हा मुळात देण्याचा, ऋणाचा शब्द, आणि जर्मनमधील कर्जवाचक 'शुल्ड' हा त्याचाच भाऊबंद. इच्छा आणि ऋण या दोहोंतून इंग्रजीने भविष्य घडविले. त्यानंतर जाण्याची पाळी आली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'गोइंग टू' अशा वाक्यांत दिसू लागते, की जेथे पायांनी चालणे हा मुद्दाच नाही.

मधल्या अवस्थेचे एक सुंदर उदाहरण शेक्सपिअरच्या 'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' या नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे. घाईने निघालेल्या व्हॅलेंटाइनला ड्यूक विचारतो, की इतक्या लगबगीने कोठे चाललास? तो सांगतो, की आपली पत्रे नेणारा निरोप्या थांबला आहे आणि ती त्याच्या हवाली करण्यास आपण जात आहोत. प्रश्न ठिकाणाचा होता. उत्तरात ठिकाण नाही, हेतू आहे. तेथे व्हॅलेंटाइन जातही आहे आणि देणारही आहे. दोन्ही अर्थ एकाच शब्दजोडीत शेजारी शेजारी नांदत आहेत. एखादी व्यक्ती काही करण्यासाठी निघाली आहे असे कळले, की ऐकणारा दोन गोष्टी आपोआप धरून चालतो : तिचा तसा हेतू आहे, आणि ते काम थोड्या वेळाने होईल. हे अनुमान वारंवार होऊ लागले म्हणजे ते शब्दाच्या अर्थातच जाऊन बसते, आणि मूळचे चालणे गळून पडते. १६४६ मध्ये जोशुआ पूल या व्याकरणकाराने 'गोइंग टू' हे भविष्याचे चिन्ह असल्याचे नोंदविले. म्हणजे तोपर्यंत हा प्रयोग व्याकरणाच्या पुस्तकात जाण्याइतका रुळला होता.

पुढे ज्यांना पाय नाहीत तेही या क्रियापदाचे कर्ते झाले. 'इट इज गोइंग टू रेन', पाऊस पडणार. पाऊस कोठे चालत जात नाही. आणि शेवटची कसोटी म्हणजे 'आय ॲम गोइंग टू गो', मी जाणार आहे. किंवा त्याहून गमतीचे 'ही इज गोइंग टू कम', तो येणार आहे. जाण्याच्या शब्दाने येणे सांगता येऊ लागले, की त्यातले जाणे पुरते संपले असे समजावे.

स्वतंत्र अर्थाचा शब्द झिजून व्याकरणाची खूण होतो, या प्रक्रियेला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ मध्ये एका लेखात नाव दिले. आपण तिला व्याकरणीकरण म्हणतो. त्याच फ्रेंच परंपरेतील झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपला ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो मराठीत आणला. या परंपरेचा आणि आपल्या भाषेचा संबंध असा जवळचा आहे.

अर्थाच्या छटा आणखी आहेत, आणि त्या वर्गात शिकविण्याजोग्या आहेत. 'विल' आणि 'गोइंग टू' हे एकमेकांचे पर्याय आहेत असे समजून आपण चालतो, पण तसे नाही. दारावरची घंटा वाजली आणि मी तत्क्षणी म्हणालो, 'मी उघडतो', तर इंग्रजीत तेथे 'विल' येते. कारण निर्णय त्या क्षणी झाला. तेथे 'गोइंग टू' वापरले तर घंटा वाजण्याआधीच मी दार उघडायचे ठरवून बसलो होतो असे वाटेल. उलट आभाळ काळवंडून आले आहे, वारा पडला आहे, आणि मी म्हणतो की पाऊस येणार, तर 'गोइंग टू'च हवे. कारण भविष्याची चिन्हे वर्तमानात दिसत आहेत. निघालेला माणूस वाटेत दिसतो, तसे निघालेले भविष्य येथे दिसते. जुन्या अर्थाचा एवढा अंश नव्या अर्थात शिल्लक राहिला आहे. तिसरी छटा हुकमाची : आईने मुलाला 'यू आर गोइंग टू फिनिश दॅट मिल्क' म्हटले, तर ते भाकीत नसते, दूध संपवायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि चौथी छटा भूतकाळातली : 'आय वॉज गोइंग टू टेल यू', मी तुला सांगणार होतो. हे वाक्य ऐकताच कळते, की सांगायचे राहून गेले.

हा मार्ग एकट्या इंग्रजीचा नाही. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतही 'मी जातो' याच्यापुढे दुसरे क्रियापद ठेवून नजीकचे भविष्य सांगतात. गोव्यातील ज्या पिढ्या पोर्तुगीज शिकल्या, त्यांना 'वो कुमेर' हा प्रयोग परिचयाचा आहे. शब्दशः 'जातो खाणे', अर्थ 'खाणार आहे'. सीरिया-लेबनॉनकडील बोली अरबीत 'रायेह' म्हणजे जाणारा. त्याचेच झिजून 'रह' झाले आणि ते भविष्याचे चिन्ह बनले. तेथेही अर्थ हलका झाला तसा उच्चार आखूड झाला, हे ध्यानात घ्यावे. आणि गंमत अशी, की स्पेनमधील कॅटलान भाषेत 'मी जातो गाणे' या घडणीच्या वाक्याचा अर्थ 'मी गायलो' असा होतो! तेथे जाणे भूतकाळाकडे गेले. म्हणजे जाण्यातून भविष्यच निघावे असा नियम नाही. वाटा अनेक आहेत.

मराठीने कोणती वाट धरली? येथे आपण आपल्या घरात येतो. प्रथम एक साम्य सांगतो. इंग्रजीत 'गो'चे भूतकाळी रूप 'वेंट'. ते मुळात 'वेंड' या वेगळ्याच धातूचे. मराठीत 'जातो', पण भूतकाळी 'गेला'. 'जा' हा संस्कृत 'या' धातूपासून आलेला, आणि 'गेला' हा 'गम्'च्या 'गत'पासून. दोन्ही भाषांत जाण्याचे क्रियापद दोन वेगळ्या धातूंच्या तुकड्यांनी सांधलेले आहे. आणि 'गो' व 'गम्' यांचे ध्वनी जवळचे वाटले तरी ते सख्खे नव्हेत. आपल्या 'गम्'चे इंग्रजीतील खरे नातलग आहे 'कम', म्हणजे येणे. एकाच मूळ धातूपासून निघून एकाकडे जाणे झाले आणि दुसऱ्याकडे येणे!

मराठीत भविष्यासाठी आपण 'जाणे' वापरीत नाही. 'करणार आहे' हे आपले रूप 'करणारा' या कर्तृवाचक शब्दाशी नाते सांगते. करणाराच्या नात्याने मी उभा आहे, असा त्याचा भाव. पण 'जाणे' आपल्याकडे रिकामे बसलेले नाही. 'विसरून गेलो', 'होऊन गेले' यांत ते पूर्णता दाखविते. 'म्हटले जाते', 'मानले जाते' यांत ते कर्मणी प्रयोगाचा भार वाहते. 'वाढत जाते' यात ते सातत्य सांगते. आणि 'मी समजावायला गेलो, तर तो माझ्यावरच उखडला' या वाक्यात कोणी कोठे गेलेले नसते. दोघे एकाच खोलीत बसलेले असू शकतात. तेथे 'गेलो' म्हणजे हेतू धरला, प्रयत्न केला, आणि बहुधा तो फसला. इंग्रजीच्या 'गोइंग टू'चा हेतुवाचक अर्थ आपल्याकडे असा भूतकाळात, पश्चात्तापाच्या सुरात भेटतो. 'चालणे' या क्रियापदाचेही तेच. 'कसे चालले आहे?' म्हणून विचारतो तेव्हा पायांची चौकशी नसते, 'चालेल' म्हणतो तेव्हा संमती असते, आणि 'दिवा विझत चालला' म्हणतो तेव्हा दिवा जागेवरच असतो.

अर्थ झिजला की उच्चार झिजतो, हा न्यायही आपल्याकडे आहे. 'जातो आहे' याचे 'जातोय' होते, 'चालले आहे' याचे 'चाललंय' होते. पण 'सर घरी आहेत का?' या प्रश्नाला 'आहेत' असे एका शब्दाचे उत्तर देताना ते 'आहेत' पूर्णच उच्चारावे लागते. कारण तेथे असण्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. सहायक झाला की तो झिजतो, मुख्य असला की टिकतो.

हैदराबादच्या मराठी कुटुंबांपैकी कितीतरी मराठवाड्यातून आलेली. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड, परभणी, लातूरकडचे आपले आजी-आजोबा 'काय करायलास?' असे विचारीत आणि 'जायलोय' असे उत्तर देत. एकेकाळी वेगळे उभे असलेले सहायक क्रियापद मुख्य क्रियापदाला चिकटून झिजले आणि हे रूप झाले. आणि शाळेच्या फाटकाबाहेर पडताच जी दखनी कानावर पडते, तीत 'जा रहा हूँ'चे 'जारूँ' होते, 'कहाँ जा रहे' याचे 'काँ जारे' होते. 'गॉना', 'जायलोय' आणि 'जारूँ' ही तिन्ही रूपे शेजारी ठेवून पाहा. तिघांनाही एकाच कारागिराचा हात लागलेला आहे.

आता तो दुसरा हेतू. या तिन्हींना आपण सारखी वागणूक देतो काय? 'जायलोय' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसू होते. 'नीट बोल' असे त्याला सांगितले जाते, आणि हळूहळू तो घरी एक व शाळेत एक अशा दोन जिभा बाळगू लागतो. पुढे घरातली जीभ त्याला लाजिरवाणी वाटू लागते, आणि आजीशी बोलताना तो अडखळतो. 'जारूँ'ची तर आपण चेष्टाच करतो. दखनी ही चित्रपटातल्या विनोदापुरती उरली आहे असे समजतो. आणि तोच मुलगा उद्या 'गॉना' म्हणाला, की आपण कौतुकाने म्हणतो, काय सफाईदार इंग्रजी बोलतो! एकाच नियमाने झालेल्या तीन रूपांपैकी एक गावंढळ, एक हास्यास्पद आणि एक आधुनिक ठरते. भाषेच्या दृष्टीने या निवाड्याला काही आधार नाही. तो बोलणाऱ्याची पत पाहून दिलेला निवाडा आहे, सरदाराच्या 'हंटिन'ला मिळालेल्या मानासारखाच.

मग प्रमाण भाषा शिकवू नये काय? माझे म्हणणे तसे मुळीच नाही. परीक्षेच्या पेपरात, अर्जात, कार्यालयीन पत्रात 'गोइंग टू' पूर्ण लिहावे. 'गॉना' तेथे शोभत नाही. तसेच मराठी निबंधात 'जात आहे' लिहावे. प्रमाण रूप ही सर्वांच्या भेटीची जागा आहे, आणि ती विद्यार्थ्याला हस्तगत करून देणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. पण प्रमाण रूप शिकविताना दुसरे रूप मोडके आहे, असे सांगण्याची गरज नाही. 'हे लिहिण्याचे, ते बोलण्याचे' एवढे सांगितले तरी पुरते.

शिक्षक बंधुभगिनींसमोर तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, इंग्रजी कानाने शिकवावे. आपण पिढ्यानुपिढ्या ते डोळ्यांनी शिकविले. तर्खडकरांच्या पाठमाला आणि रेन व मार्टिन यांचे व्याकरण यांवर आपले शिक्षण झाले, आणि त्याने लेखन पक्के झाले, हे ऋण मान्यच आहे. परंतु इंग्रजी उच्चारांचे शास्त्र आपल्यापासून दूर नाही. डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ मध्ये निघाला. आणि आपल्याच शहरात १९५८ मध्ये सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली, जी आज इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ म्हणून उभी आहे. आर. के. बन्सल यांचे भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील पुस्तक १९६९ मध्ये याच संस्थेतून प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एक तास तरी मुलांनी पुस्तक मिटून ध्वनिमुद्रित बोलणे ऐकावे आणि कोठे कोणता शब्द दबला, ते टिपावे.

दुसरी सूचना, ऐकून समजणे आणि नक्कल करणे यांत फरक करावा. दूरध्वनीवर 'गना' ओळखता आले पाहिजे. ते आपणही म्हटलेच पाहिजे असे नाही. आपल्या शांत, पूर्ण 'गोइंग टू'ने काही बिघडत नाही. ते सर्वांना समजते. उसना घेतलेला झिजका उच्चार चुकीच्या जागी पडला, 'गॉना सिकंदराबाद' झाला, तर मात्र हसू होते.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांना घरच्या बोलीची रूपे गोळा करून आणायला सांगावे. आजी 'जायलोय' कोठे म्हणते, आणि कोठे मुळीच म्हणत नाही? फळीवर दोन रकाने आखावेत, आणि तिसऱ्या रकान्यात 'गॉना' लिहावे. ज्या मुलाने स्वतःच्या आजीच्या बोलण्यातला नियम शोधून काढला, त्याला इंग्रजाच्या बोलण्यातील नियमाची भीती वाटणार नाही. आणि त्याहून मोलाचे म्हणजे, त्याला आजीच्या बोलण्याची लाज वाटणार नाही.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना भाषा ही काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू वाटू लागते. तिला हात लागला की ती मळेल, अशी धास्ती असते. ही धास्ती मी समजू शकतो. पण कपाटातील भांडे झिजत नाही याचे कारण ते कोणी वापरीत नाही, एवढेच असते. ज्या घरात 'जायलोय' ऐकू येते, त्या घरात मराठी रोज वापरात आहे. त्या घरातील मुलाला या शाळेत प्रमाण मराठी मिळावी, इंग्रजी मिळावी, आणि या दोहोंच्या बदल्यात त्याला आपली बोली दारात ठेवून यावी लागू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे. ज्यांचे आज आपण स्मरण करीत आहोत, त्यांच्या कामाचा मान यातच राखला जाईल असे मला वाटते.